‘तिले कोन इचारस?’ : हिंसेचा धोका सगळ्यांना सारखा का नसतो

खानदेशातल्या चोपडा-शिरपूरकडचं कुठलंही गाव डोळ्यांसमोर आणा. तापीकाठची काळी जमीन, केळीचे बाग, गावठाणात बागायतदारांची पक्की घरं, एका अंगाला दलित वस्ती, दुसऱ्या अंगाला भिलाटी म्हणजे भिल्लांची वस्ती. आणि गावापासून दोन-तीन किलोमीटर आत, मळ्यातल्या झोपडीत, सातपुड्यापलीकडून मजुरीला आलेलं एखादं पावरा किंवा बारेला आदिवासी कुटुंब. या चारही ठिकाणी बायका राहतात. चारही घरांत दारू पिऊन हात उगारणारा कुणी असू शकतो, चौघींनाही अंधारात पाय उचलताना भीती वाटू शकते. ‘महिलांवरील अत्याचार’ म्हटलं की आपण चौघींना एका रांगेत उभं करतो.

पण हात उगारणाऱ्याच्या मनात चौघींचा हिशेब एकच नसतो. बागायतदाराच्या सुनेला मारणारा नवरा तिच्या माहेरच्यांना ओळखतो. तिचे भाऊ गाडी काढून जाब विचारायला येऊ शकतात, हे त्याला ठाऊक असतं. भिलाटीतल्या किंवा दलित वस्तीतल्या बाईला बांधावर अडवणारा माणूस पुष्कळदा तिला मजुरी देणाराच असतो. उद्या तिला कामावर बोलवायचं की नाही, हे त्याच्याच हातात असतं. आणि मळ्यातल्या झोपडीतली बाई? तिचं रेशनकार्ड दुसऱ्या राज्यातलं, बोली वेगळी, हाकेच्या अंतरावर शेजार नाही, पोलिस ठाणं कुठं आहे तेही माहीत नाही. तिच्यावर वाईट नजर ठेवणाऱ्याचा हिशेब अहिराणीत तीन शब्दांत सांगता येतो : ‘तिले कोन इचारस?’ म्हणजे, तिला विचारतंय कोण?

कुणावर हिंसा होण्याचा धोका किती, हे ती सोसणाऱ्या माणसाच्या वागण्यापेक्षा या तीन शब्दांच्या उत्तरावर जास्त ठरतं, असं माझं ठाम मत आहे. जात, पैसा, बाईपण, वय, धर्म, अपंगत्व, भाषा, परमुलखात असणं या सगळ्या गोष्टी मिळून ते उत्तर तयार करतात. त्या कशा मिळतात, तेच इथे उलगडून सांगायचा प्रयत्न करतो.

गुन्हा घडायला काय लागतं?

१९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी एक साधी मांडणी केली. गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी, एका जागी जुळाव्या लागतात : गुन्हा करायला तयार असलेला माणूस, त्याला सोयीचं वाटणारं लक्ष्य, आणि अडवू शकेल अशा कुणाची गैरहजेरी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सुबत्ता वाढली, तरी गुन्हे का वाढले, हे कोडं ते सोडवत होते. लोकांचा दिनक्रम बदलला, माणसं घराबाहेर जास्त वेळ राहू लागली, घरं दिवसा ओस पडू लागली, असं त्यांचं उत्तर होतं.

मांडणी उपयोगी आहे, पण आपल्याकडे तिचा अर्थ चटकन वाकडा लावला जातो. ‘अडवणारं कुणी’ म्हणजे सोबतीला घरातला पुरुष, असं धरून सल्ले सुरू होतात : एकटी जाऊ नको, उशीर करू नको, मुलांना एकटं सोडू नको. कापूस वेचायला पहाटे निघणाऱ्या बाईला हा सल्ला काय कामाचा? घरात संडास नाही म्हणून ती अंधारात बाहेर जाते, हा तिचा बेफिकीरपणा नव्हे. माझ्या मते ‘अडवणारं कुणी’ म्हणजे रस्त्यावरचा चालू दिवा, वेळेवर येणारी एसटी, तक्रार लिहून घेणारं पोलिस ठाणं, स्वतःच्या नावावरचा जमिनीचा तुकडा, एका मालकाने काढलं तर काम देणारा दुसरा मालक, आणि बोललेलं खरं मानणारी चार माणसं. हे सगळं कुणाच्या वाट्याला येतं आणि कुणाच्या नाही, ते समाजातली उतरंड ठरवते.

२०२० च्या ऑक्टोबरात रावेर तालुक्यातल्या एका केळीच्या शेतात, मजुरी करणाऱ्या आदिवासी कुटुंबातल्या चार सख्ख्या भावंडांचा खून झाला. आईवडील नातलगांकडे गेले होते, मुलं शेतातल्या घरात एकटी होती. अशा घटनेनंतर ‘मुलांना एकटं ठेवलंच कसं?’ हा प्रश्न हटकून निघतो. त्याऐवजी विचारायला हवं, की हे कुटुंब गावापासून तुटून शेतात का राहत होतं? ज्याला गावात जागा नाही, ज्याचं राहणं आणि काम एकाच मालकाच्या शेतावर अवलंबून आहे, त्याला गावठाणातल्या गल्लीत खोली घेता येत नाही. शेतातल्या घराला भिंती असतात, पण आरडाओरडा ऐकू जाईल असा शेजार नसतो. ती मुलं होती, गरीब होती, आदिवासी होती, परमुलखातली होती आणि एकाकी जागी राहत होती. यातली एक गोष्ट जरी वेगळी असती, तरी त्या रात्रीचा धोका तेवढाच राहिला असता असं मला वाटत नाही.

आकडे काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात घरातली एकच बाई निवडून, तिला एकांतात गाठून मारहाणीबद्दल विचारलं जातं. १८ ते ४९ वयाच्या, कधी ना कधी लग्न झालेल्या बायकांपैकी देशात २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. शाळेत कधीच न गेलेल्या बायकांपैकी ४० टक्के जणींनी शारीरिक मारहाण अनुभवली होती; बारावी आणि त्यापुढे शिकलेल्यांत हे प्रमाण १८ टक्के. सर्वांत गरीब पाचव्या हिश्श्यात ३९ टक्के, सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यात १७ टक्के.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. खात्यापित्या घरांतही साधारण सहापैकी एका बाईवर हात उगारला गेला आहे. तेव्हा ‘हे त्यांच्याकडे चालतं, आमच्याकडे नाही’ असं कुणी म्हणू नये. आणि तरीही गरीब, न शिकलेल्या बाईचा धोका दुपटीहून जास्त आहे, हेही तितकंच खरं.

पण अशा तक्त्यांत शिक्षणाचा तक्ता वेगळा असतो, संपत्तीचा वेगळा, जातीचा वेगळा. प्रत्येक तक्त्यात तळाच्या ओळीवर जी बाई बसलेली असते, ती बऱ्याचदा एकच असते. नंदुरबार जिल्हा घ्या. १९९८ मध्ये धुळ्यातून तो वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत तिथे ६९ टक्क्यांहून जास्त लोक अनुसूचित जमातींचे होते आणि साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. अक्कलकुवा किंवा धडगावच्या डोंगरातल्या बाईला ‘मला आदिवासी म्हणून त्रास झाला की गरीब म्हणून की बाई म्हणून’ हे वेगवेगळं मोजून दाखवा असं सांगणं म्हणजे तिच्या जगण्याचे तुकडे पाडणं आहे. शिवाय मजुरीसाठी ज्या घराला कुलूप लागलं, त्या घरातली बाई घरोघरी जाणाऱ्या पाहणीला भेटतच नाही.

याच सर्वेक्षणातला मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा आकडा आहे ७७. हिंसा सोसलेल्या दर शंभर बायकांपैकी ७७ जणींनी ना कुणाकडे मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागणाऱ्या फक्त १४. पोलिसांच्या दप्तरात जे पोहोचतं, ते या १४ जणींतलंही थोडंच असणार. म्हणून एखाद्या तालुक्यात गुन्हे कमी नोंदले गेले, यावरून तिथे हिंसा कमी आहे असं समजणं धोक्याचं आहे. तिथे सांगण्याची वाटच बंद असू शकते.

चौफुलीवरचा अपघात

वेगवेगळ्या विषमता एकमेकींवर चढतात तेव्हा काय होतं, याला ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हे नाव आणि चौकट दिली ती किंबर्ली क्रेनशॉ या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कायदेअभ्यासक बाईंनी, १९८९ मध्ये. त्यांच्यापुढे एक जुना खटला होता. जनरल मोटर्स या मोटारकंपनीच्या एका कारखान्यात १९६४ आधी कृष्णवर्णीय बायकांना घेतलंच जात नव्हतं. पुढे मंदी आली, शेवटी लागलेल्यांना आधी काढायचं असं ठरलं, आणि नुकत्याच लागलेल्या या बायका घरी बसल्या. त्यांनी दावा लावला. १९७६ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कंपनीत बायका होत्या, म्हणजे स्त्री म्हणून भेदभाव नाही. कृष्णवर्णीय माणसं होती, म्हणजे वर्णावरून भेदभाव नाही. पण त्या बायका गोऱ्या होत्या आणि ती कृष्णवर्णीय माणसं पुरुष होती. दोन्ही एकत्र असलेल्यांसाठी कायद्यात खानाच नव्हता.

क्रेनशॉंनी यासाठी चौफुलीचा दाखला दिला. आपल्याकडे तो जळगावच्या अजिंठा चौफुलीवर नेऊन बघा. चारही बाजूंनी गाड्या येतात. मधोमध उभ्या असलेल्या माणसाला भुसावळकडून येणारी गाडी ठोकू शकते, धुळ्याकडून येणारी ठोकू शकते, संभाजीनगरकडून येणारी ठोकू शकते, आणि कधीकधी एकाच क्षणी सगळ्याच ठोकतात. आता रुग्णवाहिका आली, आणि ‘नक्की कुठल्या गाडीने ठोकलं ते आधी सिद्ध करा, मग उचलतो’ म्हणाली, तर? क्रेनशॉंची तक्रार नेमकी हीच होती. कायदा एक दोषी गाडी शोधत बसतो, आणि जखमी तिथेच पडून राहतो.

हा विचार आपल्या मातीला परका नाही. १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परही नसतं, थंडीपावसाचे हाल त्यांना सोसावे लागतात, हे त्या किशोरवयीन मुलीने सांगितलं. जातीचं दुःख, गरिबीचं दुःख आणि बाईच्या शरीराचं दुःख तिने वेगवेगळं काढलं नाही, कारण ते एकाच झोपडीत, एकाच रात्री घडत होतं.

राईनपाडा

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या बाजूला राईनपाड्याचा आठवडे बाजार भरला होता. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून सगळीकडे फिरत होती. सोलापूरकडून भिक्षा मागत आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांवर जमावाला संशय आला. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून त्यांना मारलं. पाचही जण मेले.

यावर तेव्हा खूप बोललं गेलं, पण बहुतेक बोलणं मोबाइलवर आणि अफवेवर थांबलं. मला वाटतं, अफवा ही फक्त काडी होती. बाजारात त्या दिवशी परगावचे इतरही असणार : कापडवाले, बियाणंवाले, भांडीवाले. त्यांना कुणी कोंडलं नाही. मोटारसायकलवर आलेल्या, हातात पावतीपुस्तक असलेल्या परक्याला आधी विचारलं जातं, मग फार तर शिवी दिली जाते. या पाच जणांना गावात ओळखणारं कुणी नव्हतं, दुकान नव्हतं, अंगावरचे कपडे गरिबीचे, बोलण्याचा हेल वेगळा. भिक्षा मागत फिरणारा म्हणजे चोर, ही समजूत तर इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून सरकारी शिक्क्यानिशी समाजात मुरलेली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, समजूत राहिली. त्यात ते पुरुष होते आणि एकत्र होते, म्हणून ‘टोळी’ हा शब्द त्यांना सहज चिकटला. एकेक गोष्ट सुटी घेतली तर त्यांच्यासारखी हजारो माणसं रोज बाजारात सुखरूप फिरतात. सगळ्या एकत्र आल्या, आणि त्यांच्या बाजूने बोलणारं तिथे कुणीच उरलं नाही.

मारणारी माणसंही सुखवस्तू नव्हती. साक्रीचा तो पश्चिम पट्टा आदिवासी, दुर्लक्षित. मुलांना मागे ठेवून कामाला जावं लागणाऱ्या गावांत मूल हरवण्याची भीती फार खरी असते. याने त्यांचा गुन्हा तसूभरही हलका होत नाही. पण उतरंडीत दबलेला माणूस आपल्याहून दबलेल्यावर हात टाकू शकतो, हे डोळ्यांआड केलं तर विषय अर्धाच कळतो. एकाच माणसाच्या अंगी एका बाजूने कमजोरी आणि दुसऱ्या बाजूने जोर असू शकतो.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी जणांना माहीत असते. डवरी गोसावी महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत येतात, अनुसूचित जातींच्या किंवा जमातींच्या नाही. त्यामुळे १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा त्यांना लागू होत नाही. ज्या संशयाने त्यांचा जीव घेतला तो त्यांच्या समाजावरचाच होता, पण तेव्हाच्या कायद्याच्या लेखी तो साधा खून. राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध देशभरासाठी निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात किमान अधीक्षक दर्जाचा एक पोलिस अधिकारी यासाठी नेमायचा, हा त्यातला एक.

राईनपाड्यावरून असंही दिसतं, की धोका ही फक्त बायकांची गोष्ट नाही. देशात खून होणाऱ्यांमध्ये पुरुषांची संख्या बायकांपेक्षा कितीतरी जास्त असते. जानेवारी २०१३ मध्ये धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून सुरू झालेली बाचाबाची दंगलीपर्यंत गेली, आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा जण मेले. सहाही मुस्लिम, सहाही पुरुष. बाई असणं घराच्या चार भिंतींत आणि बांधावर धोका वाढवतं. तरुण पुरुष असणं, त्यात अल्पसंख्याक किंवा भटका असणं, रस्त्यावर आणि जमावापुढे धोका वाढवतं. म्हणून ‘जितक्या कमजोऱ्या तितके गुण’ अशी बेरीज इथे लागू पडत नाही. कुठल्या जागी, कुणापुढे, कुठली हिंसा, हे प्रत्येक वेळी बघावं लागतं.

सातपुड्यात आणि उसाच्या फडात

सातपुड्याच्या पाड्यांवर एखाद्या बाईला डाकीण ठरवण्याचे प्रकार अजून घडतात. पाड्यावर कुणी आजारी पडतं, मूल दगावतं, बैल मरतो. दवाखाना दूर, रस्ता पावसात बंद, म्हणून आधी भगत गाठला जातो. भगत कुणाकडे तरी बोट दाखवतो. बोट बहुधा अशा बाईकडे जातं, जिच्या मागे उभं राहणारं कुणी नसतं : विधवा, म्हातारी, निपुत्रिक, भाऊबंदांशी जमिनीचा वाद असलेली. तिच्या नावावर तुकडाभर शेत असेल, तर तिला गावाबाहेर काढण्यात कुणाचा तरी फायदाही असतो. म्हणजे जमीन असणं, जे एरवी बाईचं संरक्षण ठरतं, तेच इथे एकटेपणाशी गाठ पडली की संकट बनतं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखाद्यावर करणी-चेटकाचा आळ घेऊन त्याला छळणं हा गुन्हा ठरवला आहे. कायदा हवाच होता. पण जिथे आजाराचं कारण सांगणारा डॉक्टर पोहोचत नाही, तिथे भगताचं बोट खाली यायला नुसतं कलम पुरत नाही. मला तर या प्रथेवरचा पहिला उपाय बाराही महिने चालणारा रस्ता आणि औषधं असलेलं उपकेंद्र हाच वाटतो.

ऊसतोडीची रचना वेगळीच आहे. दिवाळी झाली की धुळे-नंदुरबारच्या गावांतून टोळ्या दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम आधी उचल देतो, आणि कामाची मोजणी ‘कोयत्या’वर होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आता ज्या बाईला नवरा मारतो, तिने फडातून निघून जायचं ठरवलं, तर कोयता मोडतो, उचल अंगावर राहते, आणि मुकादमही तिला परत त्याच नवऱ्याकडे ढकलतो, कारण त्याचा पैसा अडकलेला असतो. मुकादमानेच किंवा ट्रॅक्टरवाल्याने हात टाकला, तर नवऱ्यालाही बोलता येत नाही, कारण कर्ज दोघांच्या डोक्यावर आहे. राहायला उघड्या माळावरची खोपटी, दाराला कडी नाही, आंघोळीला आडोसा नाही. पोलिस दुसऱ्या राज्याचे, भाषा दुसरी. इथे गरिबी, कर्ज, स्थलांतर आणि बाईपण यांतली प्रत्येक गोष्ट दुसरीतून निसटायची वाट बुजवते. शिकलेली, कमावती बाई मार खाल्ल्यावर निघून जाते तेव्हा तिच्याजवळ हिंमत असतेच, पण जायला जागाही असते. फडातल्या बाईजवळ हिंमत असली तरी ती जाणार कुठे?

कायदा किती पाहतो?

२७ एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘पटन जमाल वली’ खटल्यात दिलेला निकाल या विषयावर मुद्दाम वाचण्यासारखा आहे. आंध्रातल्या एका जन्मांध दलित तरुणीवर २०११ मध्ये बलात्कार झाला होता. न्यायमूर्ती चंद्रचूड आणि शहा यांच्या पीठाने स्पष्ट म्हटलं, की जात, लिंग आणि अपंगत्व यांचा भार तिच्यावर एकत्र पडला होता आणि तो तसाच पाहायला हवा. अपंग साक्षीदाराची साक्ष दुय्यम मानता येणार नाही, हेही बजावलं. बलात्काराची जन्मठेप कायम राहिली. पण ॲट्रॉसिटी कायद्याखालची शिक्षा मात्र रद्द झाली.

असं का? त्या वेळच्या कलमात, गुन्हा पीडित व्यक्तीच्या जातीच्या कारणावरून झाला हे सिद्ध करावं लागत होतं. तिचं दलित असणं, अंध असणं आणि बाई असणं यांतलं नेमकं कुठलं कारण आरोपीच्या मनात होतं, हे वेगळं काढणार कोण? तीच चौफुली, तीच थांबलेली रुग्णवाहिका. सुदैवाने तोवर कायदा बदलला होता. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर, ठरावीक गंभीर गुन्ह्यांत समोरची व्यक्ती अनुसूचित जातीची किंवा जमातीची आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढं दाखवलं तरी पुरतं. गावात कोण कुणाचं, हे कुणाला माहीत नसतं? पण २०११ चा गुन्हा जुन्याच शब्दांनी तोलला गेला.

वर सांगितलेल्या मळ्यातल्या पावरा बाईच्या दृष्टीने आणखी एक निकाल मोलाचा आहे. जातीच्या याद्या राज्यनिहाय असतात, त्यामुळे मध्य प्रदेशातून आलेल्या आदिवासीला महाराष्ट्रात ॲट्रॉसिटी कायदा लागू होतो का, असा वाद घातला जायचा. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पूर्ण पीठाने सांगितलं, की होतो. मूळ राज्य सोडून आलेल्या माणसालाही हे संरक्षण मिळतं. दाखला दुसऱ्या राज्याचा आहे म्हणून कुणी तुम्हाला ठाण्यातून परत पाठवत असेल, तर हा निकाल समोर ठेवा.

अशा वाटा आणखीही आहेत, फक्त त्या पोहोचायला हव्यात त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्याने तो लिहून घेतलाच पाहिजे. याला झिरो एफआयआर म्हणतात, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो आता थेट लिहिलेला आहे. लैंगिक गुन्ह्यातली पीडित व्यक्ती अपंग असेल, तर पोलिसांनी तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी जाऊन, दुभाषी किंवा विशेष शिक्षक सोबत घेऊन जबाब नोंदवायचा असतो. शेतमालकाने किंवा मुकादमाने लैंगिक छळ केला, तर शेतमजूर बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. कामाच्या जागेवरच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त कचेऱ्यांसाठी नाही. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ॲट्रॉसिटीसाठी १४५६६, मोफत वकिलासाठी १५१००. हे पाच आकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवायला खर्च फारसा येत नाही.

‘तिले कोन इचारस?’ म्हणणाऱ्याचा हिशेब चुकवायचा, तर विचारणारी माणसं वाढवावी लागतात, आणि त्यासाठी एक जागा कायद्याने आधीच दिलेली आहे. ॲट्रॉसिटी कायद्याच्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते. तिची दर तीन महिन्यांनी निदान एक बैठक व्हायलाच हवी. जळगाव, धुळे आणि नंदुरबारमधल्या कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी त्या बैठकीचे कागद मागावेत. किती गुन्हे आणि किती आरोपपत्रं, एवढ्यावर समाधान मानू नये. पीडितांपैकी किती जणी बायका, किती लहान मुलं, किती अपंग, किती परराज्यातले मजूर, हे एका तक्त्यात एकत्र मांडून मागावं. भिली किंवा पावरी जाणणारा दुभाषी किती जबाबांच्या वेळी हजर होता, ते विचारावं. आणि नियमांत पीडिताला आणि साक्षीदाराला प्रवासखर्च आणि बुडालेल्या रोजाची मजुरी द्यायची तरतूद आहे. गेल्या तीन महिन्यांत ती किती जणांच्या हातात पडली, हे नक्की विचारावं. मळ्यातून कोर्टात यायचं म्हणजे एका दिवसाची चूल बंद, आणि पहिल्या तीन तारखांनंतर साक्षीदार येईनासा होतो तो बहुतेक वेळा याच कारणाने.